साडेपाचचा टोस्ट

दोन जेवणांच्या मध्ये खाल्ल्याने माणूस जाड होतो की बारीक, या प्रश्नावरून आमच्या इमारतीत दोन तट पडले आणि त्याला मी जबाबदार आहे, असं तळमजल्यापासून गच्चीपर्यंत बोललं जातं. मला हे मान्य नाही. मी फक्त एक प्रयोग केला. प्रयोग करणाऱ्याला निष्कर्षाबद्दल जबाबदार धरायचं नसतं, असं समोरच्या बिऱ्हाडातले मास्तर म्हणतात. मास्तरांनी छत्तीस वर्षं गणित शिकवलं आहे. त्यामुळे कोणाला कशाबद्दल जबाबदार धरायचं, याचा त्यांचा अनुभव दांडगा आहे.

सुरुवात डॉक्टरांनी केली. त्यांनी माझा रक्ताचा रिपोर्ट उजेडात धरला, परत खाली ठेवला आणि म्हणाले, "साखर काठावर आहे." 'काठावर' हा शब्द त्यांनी असा उच्चारला, की मला खुर्चीखाली दरी दिसली.

"चार किलो उतरवा. तीन महिन्यांत. मधे मधे काही खाता का?"

"छे! साडेपाचला एक टोस्ट. तेवढंच."

"टोस्टवर काय?"

डॉक्टर मंडळी असले प्रश्न विचारतात, म्हणूनच समाजात त्यांच्याबद्दल आदर असला तरी प्रेम नाही.

"लोणी," मी म्हणालो. त्यांनी पेन खाली ठेवलं नाही, म्हणून पुढे म्हणालो, "आणि वरून थोडी साखर."

"बंद," ते म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला बोलावण्याची घंटा वाजवली.

आता हा टोस्ट काय प्रकरण होतं, ते सांगितल्याशिवाय माझ्या नुकसानीची कल्पना कोणाला येणार नाही. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानदारांचे काटे तपासायचे, खरे असतील त्यांवर शिक्का मारायचा, खोटे असतील ते जप्त करायचे, असं सत्तावीस वर्षं चाललं आहे. पाचला सुटतो, वीस मिनिटांत घरी. बायको एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायच्या कामावर आहे. तीही त्याच सुमाराला येते. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून साडेपाचला आमच्या स्वयंपाकघरात तवा चढतो. दोन स्लाइस. लोणी कडेपर्यंत लावायचं, मधे ढीग करायचा नाही. साखर चिमटीने, जरा उंचावरून भुरभुरायची. मग अर्धी साखर लोण्यात विरघळते आणि उरलेली अर्धी दाताखाली कुरकुरते. मी टेबलाशी, ती ओट्याजवळच्या स्टुलावर. अर्धा तास.

त्या अर्ध्या तासात ती दुकानातलं सांगायची. "आज एक आजोबा आले होते. चार वर्षं आजींचा चष्मा लावत होते. मी विचारलं, अहो, काहीच कसं दिसलं नाही तुम्हाला? तर म्हणतात, मला वाटलं, हिला सगळं असंच दिसतं, म्हणून एवढी चिडते."

मी म्हणायचो, "हं."

माझ्या मते हे भरगच्च संभाषण होतं.

तर त्या दिवशी मी घरी येऊन, कोट न काढता, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून जाहीर केलं, की आजपासून मधलं खाणं बंद. जाहीर करायची काही गरज नव्हती. पण नुसता त्याग केला तर तो कोणाच्या लक्षात येत नाही, आणि लक्षात न येणारा त्याग करायला मी काही संत नाही.

"आजपासून?" बायकोने विचारलं.

"आत्तापासून."

"बरं." तिने दोन स्लाइस काढल्या होत्या. त्यातली एक पाकिटात परत ठेवली. मग उरलेल्या एकीकडे जरा वेळ पाहिलं आणि तीही आत ठेवली. "एकटीसाठी कुठे तवा तापवायचा," ती म्हणाली, आणि गॅस बंद करून कपड्यांच्या घड्या घालायला आत गेली.

मी टेबलाशी बसून राहिलो. टेबलावर मीठ होतं.

माझी दुसरी चूक म्हणजे जिन्यात मास्तरांना सांगणं. मास्तरांना सांगितलेली गोष्ट फळ्यावर लिहिल्यासारखी असते. सकाळी दूध आणायला उतरलो, तर दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी दारातच उभ्या.

"भावजी, मधलं बंद केलंत म्हणे! शाब्बास! आमच्या ह्यांनी केलं तेव्हा पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली."

भोकं कोणत्या बाजूला पाडली, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. पण मागे ह्यांची सावली दिसली. ती दाराच्या मापाची होती.

तिसऱ्या मजल्यावर एक विमावाले राहतात. त्यांना सगळे 'दर-दोन-तास' म्हणतात, कारण दर दोन तासांनी त्यांच्या खिशात गजर होतो आणि ते बॅगेतून एक छोटा डबा काढून त्यातलं काहीतरी खातात. काकडी, सफरचंदाची फोड, मोजून अकरा खारे दाणे. दूध घेऊन परत येताना त्यांनी मला जिन्यातच अडवलं.

"साहेब, घात करताय स्वतःचा! शरीराला उपाशी ठेवलं ना, की त्याला वाटतं दुष्काळ पडला. मग ते साठेबाजी करतं. थोडं थोडं खायचं, सारखं खायचं. मी बघा!"

मी बघितलं. माणूस फुटपट्टीसारखा होता. पण तो लग्नाच्या फोटोतही तसाच होता, हे मी विसरलो नव्हतो.

"ऐकू नका हो त्याचं," वहिनी खालून ओरडल्या. "दिवसभर तोंड चालू म्हणजे शेळी!"

"शेळी कधी जाड बघितलीत?" वरून प्रश्न आला.

अशा रीतीने तट पडले. मी दुधाची पिशवी हातात धरून दोघांच्या बरोबर मधल्या पायरीवर होतो. मला कोणीही काही विचारत नव्हतं.

चौथ्या दिवशी साडेपाचला घरी आलो, तर कुलूप. बायको सात वाजून गेल्यावर आली.

"मालकांना संध्याकाळी माणूस हवा होता," चपला काढत ती म्हणाली. "म्हटलं, थांबते. नाहीतरी घरी तवा बंदच आहे."

"हं," मी म्हणालो.

"त्यांचं म्हणणं, महिनाभर बघू. जमलं तर महिनाअखेरीला कागद करू. मग कायमचं साडेसातपर्यंत." तिने चपला कोपऱ्यात सरकवल्या. "करू ना सही?"

इथे 'नको' म्हणायचं होतं. दोन अक्षरं. त्याऐवजी मी म्हणालो, "तुला योग्य वाटेल ते कर." हे वाक्य बाहेरून फार उदार दिसतं. संसारात जितकं नुकसान या वाक्याने होतं, तितकं आरडाओरड्याने होत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ती माझ्याकडे पाहत राहिली, बहुधा आणखी काही येतंय का म्हणून. आणखी काही आलं नाही. मी वर्तमानपत्राचं पान उलटलं. ते मी सकाळीच वाचलेलं होतं.

त्यानंतर रोज साडेपाचला मी स्वतःच्या हाताने कुलूप उघडून आत शिरायला लागलो. रिकाम्या घरातला साडेपाचचा उजेड मी तोवर पाहिलेला नव्हता. तो स्टुलावर पडतो. शेजारच्या घरात कोणीतरी चमचा हलवत असतं. मला वाटायचं, हे सगळं टोस्टचं आहे. डोळ्यांसमोर लोण्याच्या कडा दिसायच्या, साखर वितळताना दिसायची, पोटात कावळे ओरडायचे. मग सातच्या पुढे जिन्यात चपलांचा आवाज आला, की ते कावळे एकदम गप्प व्हायचे. या गोष्टीचा अर्थ लावायला मला बराच वेळ लागला. मास्तर म्हणतात, गणितातही मी असाच असणार.

तुम्ही म्हणाल, सरळ बायकोला सांगायचं. म्हणणं सोपं आहे. सव्वीस वर्षांत मी तिला 'घरी ये' असं कधी म्हटलं नव्हतं, कारण ती येतच होती. आता या वयात नव्याने सुरुवात करायची, तर काहीतरी निमित्त लागतं. शिवाय दारात उभं राहून, कोट घालून केलेली प्रतिज्ञा. ती चारच दिवसांत गिळायची म्हणजे इमारतीत तोंड दाखवायला जागा नाही. मग माझ्या डोक्यात आलं, की मधलं खाणं वजनाला अपायकारक नसून उलट हितकारक आहे, असं जर शास्त्रशुद्ध सिद्ध झालं, तर? मग टोस्ट खाणं हे कर्तव्य होईल. तवा चढेल. तवा चढला, की ती पाचलाच सुटेल आणि कागद सहीविना राहील. मान ताठ ठेवून स्वयंपाकघरात परत जाण्याचा हा एकच रस्ता मला दिसत होता.

पुराव्यासाठी वजन हवं, आणि वजनासाठी काटा. घरचा पायाखालचा काटा मी व्यावसायिक दृष्टीने तपासला. स्वयंपाकघरात चौऱ्याऐंशी, बेडरूममध्ये ब्याऐंशी, दाराजवळ शहाऐंशी. म्हणजे घरातल्या घरात फिरून मी चार किलो उतरवू शकत होतो. असा काटा एखाद्या दुकानात सापडला असता, तर मी तो जप्त केला असता. मास्तरांकडचा काटा सगळ्यांनाच पाच किलो कमी दाखवतो. म्हणूनच त्यांच्याकडे पाहुण्यांची वर्दळ असते.

राहिला आमच्या ऑफिसातला मोठा काटा. जमिनीत बसवलेला, लोखंडी फळीचा, दहा ग्रॅमचाही फरक दाखवणारा. तो गोण्या आणि पिंपं तपासायला आहे. मी सकाळी लवकर जाऊन त्याच्यावर उभा राहिलो. हेडक्लार्क माझ्याआधीच आलेले. ते नेहमीच कोणाच्या तरी आधी आलेले असतात.

"चौऱ्याऐंशी किलो एकशे साठ," त्यांनी वाचलं आणि नोंदवही उघडली.

"नोंद कशाला? खाजगी आहे."

"साहेब, या काट्यावर जे चढेल, त्याची नोंद. तुमचंच परिपत्रक आहे. प्रकार काय लिहू?"

"माणूस लिहा."

"माणूस हा प्रकार यादीत नाही." त्यांनी यादी वाचून दाखवली. "धान्य, धातू, द्रव, पॅकबंद, मिश्र."

मी थोडा विचार केला. "मिश्र."

"मिश्र माल. एक नग. मालक कोण?"

या प्रश्नाचं खरं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते साडेसातपर्यंत चष्म्याच्या दुकानात होतं. "रिकामं सोडा," मी म्हणालो.

"रिकामं सोडता येत नाही." आणि त्यांनी सुंदर अक्षरात लिहिलं: 'बेवारस'.

पुढच्या आठवड्यात मी चौऱ्याऐंशी किलो पाचशे ऐंशी भरलो. त्याच्या पुढच्या आठवड्यात पंच्याऐंशी किलो सत्तर. दोन आठवड्यांत नऊशे दहा ग्रॅम वाढ, तीही मधे एक कणही न खाता! कारण उघड होतं. साडेपाचला न खाल्लेला माणूस आठला जेवायला बसतो, तेव्हा तो जेवत नाही, वसुली करतो. मी पानातलं संपवून भांड्यातलं घ्यायचो, भांड्यातलं संपवून झाकणाला लागलेलं. बायको म्हणायची, "अहो, भांडं घासायला ठेवायचंय, निदान त्याला तरी सोडा." पण माझ्या दृष्टीने हा विजय होता. उपास केल्याने वजन वाढतं, याला सरकारी नोंदवहीचा आधार मिळाला होता. मी उड्या मारतच मास्तरांकडे गेलो.

मास्तरांनी आकडे पाहिले आणि मुलांच्या वहीकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं. "अर्धाच पुरावा आहे. न खाल्ल्याने वाढतं, ठीक. पण खाल्ल्याने उतरतं, हे कुठे दाखवलंत? ती बाजू वेगळी सिद्ध करावी लागते."

"मग मी खायला सुरुवात करू?"

"तुम्ही कसे खाणार? तुम्ही न खाणारे आहात. तुम्ही खाल्लंत तर तुलना कशाशी?" मास्तरांनी डोळे मिटले. "दुसरा माणूस लागेल. काही हरकत नाही. मी खातो."

आणि दुसऱ्या दिवशी बरोबर साडेपाचला मास्तर माझ्या टेबलाशी, माझ्या खुर्चीत, माझा टोस्ट खायला येऊन बसले.

टोस्ट मी भाजला. पहिला जळला. दुसरा एका बाजूने जळला, तो मी मास्तरांना चांगली बाजू वर करून दिला. लोणी मधे गोळा होऊन बसलं. साखर उंचावरून भुरभुरायला गेलो, तर सगळी एका कोपऱ्यात पडली. धूर पाहून वहिनी धावत वर आल्या, आणि मास्तरांच्या हातात टोस्ट पाहून, "अगं बाई, फितूर!" असं म्हणून धावत खाली गेल्या. रात्रीपर्यंत 'दर-दोन-तास' यांनी मास्तरांचं अभिनंदन केलं होतं.

मास्तर वर्तमानपत्र उभं धरून खातात. मला समोरून फक्त बातम्या दिसायच्या आणि मागून कुरकुर ऐकू यायची. तीन दिवस मी सहन केलं.

चौथ्या दिवशी म्हणालो, "मास्तर, काहीतरी सांगा ना."

"काय सांगू?"

"काहीही. आज कोण आलं, कोण काय म्हणालं. तुमच्या शाळेतलं."

वर्तमानपत्र खाली आलं. "मला निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली," मास्तर म्हणाले, आणि वर्तमानपत्र पुन्हा वर गेलं.

त्या दिवशी त्यांनी अर्धा टोस्ट ठेवला. पोट बिघडलंय म्हणाले, माझ्या भाजण्याचा दोष नाही असंही म्हणाले, आणि गेले. तो अर्धा टोस्ट बशीत होता. मी दाराकडे पाहिलं. प्रयोगाची शिस्त, प्रतिज्ञा, काठावरची साखर, सगळं एकदा आठवून पाहिलं. मग उचलला आणि खाल्ला. एव्हाना माझा हात बसला होता. लोणी कडेपर्यंत होतं, साखर अर्धी विरघळलेली, अर्धी कुरकुरीत. सगळं जसंच्या तसं जमलं होतं.

आणि काही म्हणजे काही झालं नाही. मी शेवटचा घास संपवून स्टुलाकडे पाहिलं आणि मोठ्याने म्हणालो, "हं." तो शब्द त्या स्वयंपाकघरात फारच मूर्खासारखा वाटला.

यानंतर शहाण्या माणसाने प्रयोग थांबवला असता. पण एव्हाना प्रयोग माझा राहिला नव्हता. मास्तरांचं वजन घ्यायला मी त्यांना ऑफिसात नेलं होतं, त्याचा गवगवा झाला आणि पुढच्या वेळी इमारतीतली नऊ माणसं आमच्या मोठ्या काट्यासमोर रांगेत उभी राहिली. वहिनींनी ह्यांना आणलं होतं. 'दर-दोन-तास' यांचा गजर रांगेतच झाला. त्यांनी डबा उघडला, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "काट्यावर चढायच्या आधी खातोय, लबाड!" हेडक्लार्क शांतपणे लिहीत होते: 'मिश्र माल, नग नऊ, बेवारस.'

आठवड्याभरात मुख्य कार्यालयातून पत्र आलं. 'आपल्या काट्यावर दिसून आलेल्या एक नग बेवारस मिश्र मालाचे वजन साठवणुकीत नऊशे दहा ग्रॅमने वाढले आहे. ओलावा शिरला आहे किंवा कसे? तसेच सदर मालाची संख्या अल्पावधीत वाढली असून ही बाब गंभीर आहे. तीन दिवसांत खुलासा करावा.'

मी खुलासा लिहिला: 'सदर माल नाशवंत स्वरूपाचा असून त्याच्या वजनात नैसर्गिक चढउतार संभवतो.'

उलट टपाली उत्तर आलं: 'माल नाशवंत असल्यास विनाविलंब विल्हेवाट लावून तसा अहवाल पाठवावा.'

ते पत्र मी हेडक्लार्कना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "काय घाई आहे साहेब? लावू सावकाश."

मास्तरांचा निकाल मात्र माझ्या बाजूने लागला. दोन आठवडे रोज टोस्ट खाऊन, लोणी-साखरेसकट, ते तीनशे चाळीस ग्रॅमने उतरले होते. एक बारीकशी अडचण होती. पहिल्या वजनाच्या वेळी मास्तर हातात छत्री घेऊन काट्यावर उभे होते आणि शेवटच्या वेळी नव्हते. छत्रीचं वजन साधारण किती असतं, हे मला माहीत आहे. माझा धंदाच तो आहे. पारड्याखाली चिकटवलेली चिंच, काट्याला लावलेला चुंबक, हे मी पंधरा फुटांवरून ओळखतो. सत्तावीस वर्षांत मी एका खोट्या ग्रॅमला माफी दिलेली नाही. पण महिनाअखेर आली होती. मी कोऱ्या कागदावर तक्ता केला, सही केली, आणि कागद घडी घालून खिशात ठेवला.

शेवटच्या दिवशी पाचला सुटलो, तो घरी गेलोच नाही. चष्म्याचं दुकान वीस मिनिटांच्या चालीवर, उलट्या दिशेला. दारात मालक. त्यांनी मला पूर्वी एकदाच पाहिलं होतं, तेही पंधरा किलोंपूर्वी.

"या, बसा. बाई, गिऱ्हाईक आहे!" त्यांनी मला धरून तपासणीच्या खुर्चीत बसवलंसुद्धा.

बायको आतून आली. मला पाहून थबकली. मालकांना काही बोलली नाही. तपासणीची ती जड, गोल चौकट माझ्या नाकावर ठेवली, एका डोळ्यावर काळी चकती सरकवली आणि समोरच्या तक्त्यावर पट्टी टेकवली.

"वाचा," ती म्हणाली. मग हळूच, "इथे काय करताय?"

"प्रयोग पूर्ण झाला." मी कागद काढून दिला. "मधलं खाणं हितकारक आहे. सिद्ध झालं."

तिने कागद उघडला. "मास्तर तीनशे चाळीस ग्रॅमने उतरले?"

"टोस्ट खाऊन."

"वहिनी म्हणत होत्या, पहिल्या दिवशी छत्री होती त्यांच्या हातात."

मी समोरच्या तक्त्यावरचं सगळ्यांत मोठं अक्षर मोठ्याने वाचलं.

"अहो, तुम्ही?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "मी पाव किलो साखर आणली तरी घरी येऊन परत मोजता. आणि छत्री चालवून घेतलीत?"

"घेतली."

"कशासाठी?"

एक डोळा झाकलेला असला, की माणसाची अब्रू जराशी कमी दिसते, असं मला वाटतं. किंवा त्याला ती कमी दिसते. मी म्हणालो, "साडेपाचला घरी कोणी नसतं."

"मास्तर असतात की."

"मास्तर बोलत नाहीत."

"तुम्ही तरी कुठे बोलता? 'हं' म्हणता."

"तेवढं म्हणायला तरी समोर कोणी लागतं ना."

"काय, दिसतंय का नीट?" मालकांनी गल्ल्यावरून विचारलं.

"बघतेय," बायको म्हणाली. तिने चौकटीतली एक काच काढली, दुसरी घातली, तीही काढली. तिचे हात माझ्या कानांजवळ होते. इतक्या जवळून मी तिला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं ते एकाच डोळ्याने.

"सकाळीच सही केली मी," ती म्हणाली. "मालक दुपारी बाहेर जाणार होते, म्हणून दहाला कागद पुढे केला. मी काल रात्री जेवताना दोनदा विषय काढला. तुम्ही झाकण पुसत होतात."

"हो."

"सहा महिन्यांचं बंधन आहे. एकदा 'नको' म्हणाला असतात, तर—" तिने काळी चकती उचलून दुसऱ्या डोळ्यावर सरकवली. "आता हा डोळा."

मी त्या डोळ्याने पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. तिसरीच्या जागी पुन्हा पहिलीच वाचली, तेव्हा ती म्हणाली, "असू दे," आणि चौकट उतरवली.

"नंबर किती निघाला?" मालकांनी वही उघडत विचारलं.

"नंबर काही नाही," बायको म्हणाली. "पण यांना रोज यावं लागेल."

"रोज? कशाला?"

"साडेपाचला. अर्धा तास." तिने माझा कागद चार घड्या करून आपल्या पर्समध्ये टाकला. "हे आमचे हे."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि आतून एक स्टूल आणवून ठेवलं. चांगला माणूस आहे. फक्त एक अट घातली: दुकानात खायचं नाही. बोटाचं लोणी काचेला लागलं, की गिऱ्हाईक म्हणतं, मला अजून धूसरच दिसतंय.

तेव्हापासून मी रोज तिथे जातो. दोन महिने झाले. माझं वजन एक्क्याऐंशी किलो नऊशे आहे. वहिनी म्हणतात, बघा, मधलं बंद केल्याचा परिणाम. 'दर-दोन-तास' म्हणतात, साहेब चोरून खातात, म्हणूनच उतरले. डॉक्टरांनी रिपोर्ट उजेडात धरून, "मी म्हटलं नव्हतं?" एवढंच विचारलं. मी रोज किती चालतो, हे कोणी विचारत नाही. मास्तर अजून साडेपाचला आमच्या दारावर एकदा टकटक करून बघतात, असं समजतं. मुख्य कार्यालयाला विल्हेवाटीचा अहवाल गेलेला नाही.

काल संध्याकाळी गर्दी होती. एक गिऱ्हाईक उठायचं आणि दुसरं बसायचं, त्या मधल्या फटीत बायको स्टुलाशी येऊन अर्धं वाक्य सांगायची. बाकीचं अर्धं पुढच्या फटीत. एक बाई नवऱ्याचा चष्मा त्याला न विचारता बदलायला आली होती. तिचं पुढे काय झालं, ते ऐकायला मला तीन गिऱ्हाइकं थांबावं लागलं. शेजारच्या दुकानात कोणीतरी काहीतरी भाजत होतं. वास सरळ आत येत होता. मी तो घेत होतो, हे तिला दिसलं.

"भूक लागली?" काच पुसता पुसता तिने विचारलं.

"फार."

"मलाही," ती म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या नाकाचं माप घ्यायला वळली.